पुलाच्या मधल्या फळीवरची भिटौली

चैत महिन्यात भावानं बहिणीच्या दारात भिटौली घेऊन यायचं, ही काली नदीच्या दोन्ही काठांची रीत. टोपलीत पुऱ्या, गूळ, तांदळाच्या पिठाचे तळलेले बाबर आणि एक लुगडं. बहीण नव्वदीची असली तरी यायचं. मधुलीचं माहेर नदीपलीकडे नेपाळात, सासर अलीकडे धारचुल्यात. एकेचाळीस वर्षं तिची भिटौली झुलत्या पुलावरून येत होती. आधी बाप आणायचा, मग धाकटा भाऊ करबीर.

यंदा करबीरनं गव्हाच्या कापणीपायी येणं शेवटच्या आठवड्यावर ढकललं आणि इकडे मतदान लागलं. तीन दिवस पूल बंद. ज्यांनी हा हुकूम काढला त्यांनी नदीला सीमा म्हणून नकाशावरच पाहिलेलं. त्यांच्या बहिणी काही पलीकडे दिलेल्या नव्हत्या.

चैताच्या शेवटच्या दुपारी मधुली मत देऊन तशीच घाटावर गेली. बोटाची शाई वाळली नव्हती. पलीकडच्या काठावर करबीर डोक्यावर टोपली घेऊन उभा. पाण्याच्या आवाजात हाका पोचेनात, म्हणून दोघं समोरासमोर उभी राहून फोनवर बोलत होती.

"दिदी, टायरच्या ट्यूबवर बसून येतो. पाणी कमीच आहे."

"ये की. टोपली पोचेल, तू पोचणार नाहीस. मग मी पुऱ्या खाऊ की रडू?"

"मग करू काय? आज महिना संपतोय."

"घरी जा. वहिनीला सांग, बाबर मऊ पडतील, फडक्यात गुंडाळून ठेव."

फोन ठेवला तेव्हा तिचा आवाज साधा होता. पाय मात्र घरच्या चढणीवर दोनदा थांबले. चैत उलटल्यावर आलेली भिटौली भिटौली नसते, नुसता फराळ असतो. आईबाप गेलेल्या बाईला माहेर म्हणून एवढी एक टोपलीच उरते, आणि ती एकदा तुटली की पुढच्या वर्षी कुणाला आठवण राहत नाही. हे मधुलीनं शेजारच्याच घरात पाहिलं होतं. थोरली जाऊ हरुली, तिचे दोघं भाऊ अलीकडचेच, चार तासांच्या वाटेवर. एका वर्षी रस्ता खचला म्हणून आले नाहीत. रस्ता दुरुस्त झाला, भाऊ आलेच नाहीत.

हरुली अंगणात जव निवडत बसली होती. "रिकाम्या हातानं आलीस?"

"पूल बंद आहे, जाऊबाई. तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"आमचाही रस्ता बंदच होता," हरुली म्हणाली आणि सूप आपटत राहिली.

मधुलीला राग आला, पण तो गिळून ती आत गेली. बाई खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूल उघडला आणि लगेच करबीरचा फोन आला. "दिदी, तुमच्याकडे चैत संपला ना?"

"कालच. मीठ कशाला चोळतोस?"

"आमच्या पंचांगात आज शेवटचा दिवस आहे. महिना बदलायची संक्रांत आमच्याकडे उद्या. रात्री पंडिताला दोनदा विचारलं, चिडला माझ्यावर. तू ये इकडे."

"मी येऊ? भिटौली मागायला लेक माहेरच्या दारात? एवढी लाज सोडलेली नाही अजून."

"दारात नको येऊस. मी अर्ध्यापर्यंत येतो. अर्धा पूल आमचा आहे, तिथं आमचा चैत चालतो."

मधुलीनं अंगणातून खालच्या पुलाकडे पाहिलं. सीमेच्या ज्या रेघेनं तीन दिवस तिचा जीव खाल्ला, तिचाच आधार घ्यायचा? मग तिला वाटलं, का नाही. एकदा तरी त्या रेघेनं आपलं काम करावं. तिनं नथ घातली आणि निघाली.

करबीर पुलाच्या मधल्या फळीवर घाम पुसत उभा होता. मधुली त्या फळीच्या अलीकडे येऊन थबकली.

"आणखी एक पाऊल टाक," तो म्हणाला. "तू उभी आहेस तिथं बैसाख लागलाय."

तिनं पाऊल टाकलं. करबीरनं तिच्या कपाळाला टिळा लावला, टोपली पुढे केली आणि वाकून पायाला हात लावला. माणसं बाजूनं वाट काढत होती, पूल हलत होता.

अलीकडच्या टोकावरचा जवान चालत आला. "आजी, पुलावर थांबायचं नाही."

"थांबलेय कुठं? माहेरी आलेय," मधुली म्हणाली. "भिटौली आल्याबरोबर तोंडात घास घालावा लागतो. तुझं लग्न झालंय का?"

"हो."

"बायकोला भाऊ आहे?"

"आहे."

"मग दोन मिनिटं तिकडे बघ."

जवान खरोखरच नदीकडे वळला. मधुलीनं पुरीत गुळाचा खडा घालून घास घेतला. पुरी कालची होती, चामट. तिनं ती पूर्ण खाल्ली.

"लुगडं कसं आहे?" करबीरनं विचारलं.

"रंग भडक आहे. वहिनीनं निवडलं नाही हे. तू निवडलंस."

"हो."

"मग नेसेन. आणि पुढच्या वर्षी कापणी गेली खड्ड्यात, पहिल्या आठवड्यात ये."

"येतो, दिदी."

घरी आल्यावर रीतीप्रमाणे तिनं वाटे केले आणि पहिला वाटा टोपलीत घेऊन हरुलीच्या अंगणात गेली. हरुलीनं टोपलीकडे पाहिलं, मग मधुलीच्या टिळ्याकडे.

"चैत तर कालच संपला."

"पलीकडे आज आहे. पुलावर जाऊन घेतली."

"म्हणजे चालत गेलीस आणायला."

"अर्ध्यापर्यंत."

हरुलीनं एक बाबर उचलला, कुरतडला. बराच वेळ चघळत राहिली. "मऊ पडलाय," ती म्हणाली आणि दुसरा उचलला. मग मधुलीसाठी हातानं ओट्यावरची धूळ झाडली.

मधुली बसली. खालून पुलाच्या फळ्यांचा खडखडाट येत होता, माणसं दोन्हीकडून ये-जा करत होती. दोघी टोपली मध्ये ठेवून खात राहिल्या.