दोरीवरचा तिरंगा

आमच्या धोंडुअक्काला धुनं धुवायचं याड हाय. थोरली जाऊ म्हनून मी कवा तोंडावर बोलले न्हाई, खरं ही बाई बसल्या मानसाच्या अंगावरचा सदरा काढून धुवंल. त्या दिवशी सकाळी शेरडाला पाला टाकून मी परसात आले, बघते तर दोरीवर चादर, चादरीशेजारी माझं जुनं लुगडं, आनि लुगड्याच्या पल्याड तिरंगा. माझ्या लेकाच्या पेटीवरचा तिरंगा. पानी निथळत व्हतं.

माझा लेक जोतीराम पलटणीत नाईक व्हता. पहाऱ्याच्या जागी बर्फाचा कडा कोसळला, त्यात गेला. पेटी पलूसच्या रस्त्यानं गावात आली तवा ऊसतोड थांबवून मानसं बांधावर हुबी व्हती. तिरंगा सरणावर जात न्हाई, आधी काढून घेत्यात. चौघा जवानांनी चार टोकं धरून घडी घातली आनि साहेबानं ती माझ्या सुनंच्या, दीपमालाच्या हातात दिली. बायकोचा मान पयला, तसा नेमच हाय. मी मागं बायकांच्या घोळक्यात, दोघींनी बखोट्याला धरलेलं. मला नुसत्या जवानांच्या पाठी दिसल्या. नऊ म्हैनं पोटात वागवलेल्या लेकाचा झेंडा मला हातात बी घिता आला न्हाई. खरं ह्ये मी कुनाला बोलले न्हाई. पोरीचं कुकू गेलेलं, तिच्याशी काय मानापानाचं बोलायचं.

दीपमालानं तवापास्नं ती घडी उशाला घेतली व्हती. "आत्या, ही त्यांच्या दोस्तांनी घातलीया. तशीच ऱ्हाऊ दे," म्हनायची. कुनाला बोट लावू दिलं न्हाई. झोप बी न्हाई. त्या पहाटं कुठं तिचा डोळा लागला, तवर अक्कानं उशाचं उचललं.

"अक्का, ह्ये काय केलासा?" मी म्हनलं.

अक्का बादली धरून हुबी. "आगं, सुतकातली सगळी कापडं धुवायचीच असत्यात. आनि एवढा लांबनं आलेला, कडंला डाग व्हता." मग तिनं बादली खाली ठिवली. "तू शेतात भांगलायला जायाचीस, तवापास्नं जोतीची कापडं मीच धुतल्यात गं. ह्ये शेवटचं. दुसऱ्याच्या हातानं कसं धुवू देऊ?"

तिला चांगली फाडून खावी असं मनात व्हतं. आता काय खानार, कपाळ? झेंडा वाळंल, खरं घडी कोन घालनार? आमाला साडीची घडी येती, झेंड्याची न्हाई. शेवटी वीरधवलला फोन लावला. ह्यो जोतीच्या पलटणीतला, पेटीसंगं आलेला. कराडजवळ त्येचं गाव, अजून सुट्टीवर व्हता. मी रागारागात सगळं भडाभडा सांगितलं. "येतो, आई," एवढंच म्हनला.

तवर दीपमाला उठली. उशाला हात घातला, घडी न्हाई. परसात आली, दोरीकडं बघितलं आनि पायरीवर बसली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिचा भाऊ सांगलीस्नं तिला न्यायला येनारच व्हता. मला वाटलं, गेली ही पोर आता. नवरा गेला, त्येची म्हनून जपलेली एक घडी, ती बी आमी मोडली. आता ही कशाला परत ह्यो उंबरा चढतीया. लेक तर गेलाच, आता सून बी जानार.

वीरधवल ऊन डोक्यावर यायच्या आत पोचला. सरळ दोरीकडं गेला. कापडाला हात लावायच्या आधी घटकाभर ताठ हुबा ऱ्हायला. मग म्हनला, "लय झ्याक निघालाय. कुनी धुतला?"

कोपऱ्यातनं अक्कानं शाळंतल्या पोरीवानी हात वर केला.

"वहिनी," त्यो दीपमालाला म्हनला, "घडी घालायला चौघं लागत्यात. मी एकटाच हाय. तुमी तिघी या."

दीपमाला हलंना.

"त्या दिवशी आमचं हात कापत व्हतं, वहिनी. घडी वाकडी पडली व्हती. तुमाला दिसली नसंल, मला दिसली. तवापास्नं डाचतंय. काकूंनी धुतलं म्हनून मला परत घालाय तरी मिळतीया."

तवा ती उठली.

चौघांनी चार टोकं धरली. "खाली टेकवायचा न्हाई," वीरधवल म्हनला. केशरी आनि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली घेतला. मग दोन्हीकडनं आत दुमडत आलो. मधी चक्र वर ऱ्हायलं आनि कडंला केशरी-हिरवं दिसत ऱ्हायलं.

"असंच का रं?" मी इचारलं.

"साहेबलोक काय सांगत्यात ठावं न्हाई, आई. मला आपलं वाटतंय, मिटला तरी त्येच्यातलं काय झाकून जाऊ नये."

घडी तळहातावर घिऊन त्यो दीपमालासमोर ताठ हुबा ऱ्हायला. तिनं हात पुढं केलंच न्हाईत.

"आत्यांना द्या," ती म्हनली. "त्या दिवशी मी एकटीनंच घेतला. आत्या मागं ऱ्हायल्या ह्ये घरी आल्यावर कळलं. कळलं तरी माझ्या हातनं सोडवंना."

म्हंजी पोरीला सगळं ठावं व्हतं. मी हात पुढं केलं. वीरधवलनं घडी ठिवली आनि सलाम ठोकला, मला, शेरडाचा पाला चिकटलेल्या बाईला. कापडाला आमच्याच साबनाचा वास येत व्हता. पेटी आली त्या दिवशी माझ्या डोळ्यातनं टिपूस आलं नव्हतं. आता पोटभर रडले. रडता रडता म्हनलं, "अक्का, लय उपकार झालं बाई तुमचं. धुतलासा ते बरं केलासा." आनि मी ते खरंच मनापास्नं म्हनलं.

दीपमाला पदरानं तोंड पुसून आत गेली. परातीचा आवाज आला. पेटी आल्यापास्नं पयल्यांदा ती पीठ मळाय बसली व्हती. "भाऊ आला तर सांगा आत्या, सुतक फिटस्तवर मी हितंच हाय. नंतर बी हितंच हाय," तिनं आतनंच सांगितलं.

वीरधवल बूट घालाय लागला. मी म्हनलं, "लेकरा, जेवून जा."

अक्कानं माझा पदर वढला. "आगं, सुतकाचं घर. भाईरच्याला हितलं पानी बी चालत न्हाई." खरं व्हतं. भेटाय आलेली मानसं आमी च्या बी न देता लावून दिली व्हती.

वीरधवलनं घातलेला एक बूट परत काढला.

"मलाबी सुतक हाय, काकू," म्हनला, आनि चुलीम्होरं पाट वडून बसला.