दोनशे पट हालचाल

स्प्रिंगकाकांना संध्याकाळच्या गाडीने लेकीकडे जायचं होतं. नात होऊन महिना होत आला, तरी आजोबांनी तिला अजून फोनवरच पाहिलं होतं. बायको आधीच तिकडे जाऊन बसली होती आणि रोज व्हिडिओ पाठवत होती, "बघा, हसली." काका चष्मा पुसून बघायचे आणि कळवायचे, "ओठ हललेला नाही." पाइपांवर किती ताण येतो याची गणितं करण्यात उभा जन्म गेलेला माणूस तो, मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. जिथे तिथे पाइपाखाली स्प्रिंगचा आधार सुचवायचे, म्हणून ऑफिसात हे नाव पडलेलं.

रजेआधी एकच काम उरलं होतं, बॉयलरच्या वाफेच्या पाइपाच्या गणितावर साहेबांची सही. एरवी ते चुटकीसरशी व्हायचं. काका आकड्यांचा गठ्ठा पुढे ठेवायचे, साहेब त्याची जाडी बघून "पास आहे ना?" विचारायचे आणि सही ठोकायचे.

पण नेमकं त्याच सकाळी सॉफ्टवेअरचं अपडेट आलं, आणि त्यातल्या नव्या सोयींची कुणकुण साहेबांना लागली. पाइप आता रंगीत दिसणार होता, आणि गरम झाल्यावर तो कसा सरकतो तेही पडद्यावर हलताना दिसणार होतं.

"आकडे राहू द्या काका. ते हलणारं दाखवा की."

काकांनी बटण दाबलं. पाइप आळस देत उठला, आधारांवरून उडाला, भिंतीतून आरपार गेला, पलीकडच्या पंपाला धडकला आणि जागेवर येऊन पुन्हा निघाला. साहेब खुर्ची मागे सारून उभे राहिले.

"हे आपण बांधणार आहोत?"

"साहेब, हे दोनशे पट मोठं करून दाखवलंय. डोळ्यांना दिसावं म्हणून प्रोग्राम आपणहून तसं करतो. खरा सहा मिलिमीटरच सरकतो. भिंत हातभर लांब आहे."

"भिंतीतून गेलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. रजेचं नंतर बघू. आधी याला आवरा."

काकांनी दोनशेच्या जागी एक घातला. पाइप गप्प झाला.

"हँग झालं," साहेब म्हणाले.

"चालू आहे साहेब. हलतोय."

साहेबांनी पडद्याला नाक लावलं. "कुठे हलतोय? एवढा गाजावाजा करून अपडेट घेतलं ते हे बघायला?"

गाडी सुटताना काकांच्या डोळ्यांपुढे दिसू लागली. मग त्यांनी नोकरीत कधीच न विचारलेला प्रश्न विचारला. "किती हललेलं चालेल साहेब?"

साहेबांनी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. काकांनी वीस घातले. पाइप सभ्यपणे डोलला आणि भिंतीला न शिवता परत आला.

"आता कसं, गरम झाल्यासारखा वाटतोय," म्हणत साहेबांनी सही केली. मूळ गणितातला एक आकडाही बदलला नव्हता. काकांना आपलीच लाज वाटायला हवी होती, पण तेवढं काम त्यांनी गाडीत बसल्यावर उरकलं.

दुसऱ्या दिवशी नात मांडीवर आली. तिने आजोबांकडे पाहिलं आणि तिच्या ओठाचा कोपरा केसभर सरकला.

"पाहिलंत जावईबापू? केवढी हसली." काका चष्मा न पुसताच म्हणाले.

जावई वाकून बघत म्हणाले, "मला तर काहीच हललेलं दिसलं नाही, बाबा."

बायकोने आतून विचारलं, "किती मिलिमीटर हसली म्हणे?"

"भिंतीतून आरपार," काका म्हणाले.