कानाखालचा ठिपका

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी डुकराच्या केसांचा नाही! गवीपुरमच्या त्या घरात मला अकरा वर्षं हे ऐकावं लागलं, म्हणून आता बोलतोच.

मी दाढीचा ब्रश. माझे केस बिज्जूचे. बिज्जू म्हणजे बिळात राहणारा एक जंगली प्राणी. परदेशातून आलेले ते केस बेंगळुरूच्या दंडू भागातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने एकेक निवडून हाताने बांधले. माझी लाल मूठ चन्नपट्टणची, लाखेची. १९५४ साली प्रतापरावांनी मला हातात घेतलं, गालावरून फिरवलं आणि डोळे मिटले. मी त्याच क्षणी त्यांचा झालो.

प्रतापराव कारखान्यात फोरमन. घरात ते आणि त्यांची बायको गोजराबाई, दोघंच. तीनशे वर्षांपासून इथे राहत आलेल्या मराठ्यांचं घर, त्यामुळे बोलण्यात निम्मं कानडी. फेसाला त्या घरात कुणी फेस म्हणत नसे, 'नोरे' म्हणत. दाढीच्या साबणाची ती नोरे आणि कॉफीवरचीही नोरेच.

आमचं काम घाईचं नव्हतं. आधी मला कोमट पाण्यात भिजत ठेवायचं. मग दोनदा झटकायचं, पिळायचं नाही. साबणावर गोल गोल फिरवायचं, मधूनच पाण्याचे दोन थेंब. सुरुवातीला येतात ते नुसते बुडबुडे, त्यांना भुलायचं नाही. फिरवत राहिलं की फेस दाट होतो, चकाकतो, वाटी उलटी केली तरी पडत नाही. एवढी मेहनत माझी. आणि शेवटी गोजराबाई कॉफी घेऊन यायच्या, की प्रतापरावांचं सगळं लक्ष तिकडे!

कॉफीची नोरे ती काय, दोन घोटांत खलास. पण माझा खरा राग कॉफीवर नव्हताच.

दाढी झाली की प्रतापराव तोंड धुवायचे, पण डाव्या कानाखाली फेसाचा एक ठिपका ठेवायचे. आधी वाटलं, चुकून राहतो. आठवड्याभरात कळलं की ते हात आखडता घेऊन तेवढी जागा सोडतात.

गोजराबाई कॉफी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अहो, नोरे!"

"राहिली होय?" रोज तेच नवल.

मग त्या पदराने ठिपका पुसायच्या आणि प्रतापराव हसायचे. माझ्याकडे बघून ते कधी तसे हसले नाहीत. त्या पदराचा मला इतका हेवा वाटायचा की एकदा मी मुद्दाम दोन केस त्यांच्या ओठांवर सोडले. त्यावरही गोजराबाईच पुढे झाल्या. "त्या डुकराच्या केसांना मी हात नाही लावणार बाई," म्हणाल्या आणि तेही पदरानेच टिपले. माझा डाव माझ्यावरच उलटला.

१९६३ च्या पावसाळ्यात प्रतापरावांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला.

"नोरे."

गोजराबाई कॉफी करून आणायच्या. ते घोटभर घ्यायचे आणि पुन्हा म्हणायचे, "नोरे." त्या पेला आणखी उंच धरून ओतायच्या, आणखी फेस काढायच्या. एक दिवस प्रतापरावांनी डाव्या हाताने पेला उडवला. गोजराबाई जमिनीवरची कॉफी पुसत रडत होत्या. "मला ओळखत नाहीत हो हे," त्या कुणाला तरी सांगत होत्या. गोजराबाईंचं जेवण तुटलं.

मल्लाप्पा न्हावी दाढी करायला येऊ लागला, स्वतःचा ब्रश घेऊन. शंभर गालांवरून फिरलेला तो ब्रश माझ्या प्रतापरावांच्या गालावर! दाढी झाली की मल्लाप्पा टॉवेलने चेहरा लख्ख पुसायचा. प्रतापराव त्याचं मनगट धरायचे, "नोरे! नोरे!"

"सगळी काढली अण्णा," मल्लाप्पा म्हणायचा, "स्वल्पसुद्धा नाही ठेवली."

मला सगळं कळत होतं. ते काय मागतात हे त्या घरात मला एकट्याला ठाऊक होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. तोंड असतं तरी मी सांगितलं नसतं. पदर थांबला होता ना!

कार्तिकात बसवनगुडीला शेंगांची जत्रा भरली. मल्लाप्पा तिकडे गेला आणि तीन दिवस आला नाही. गोजराबाईंनी मला पदरात धरून फळीवरून खाली काढलं. पाणी फार घेतलं, नुसते बुडबुडे आले. प्रतापरावांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. दोनदा झटकलं. मग हळूहळू गोल फिरवलं. फेस दाटला.

वस्तरा चालवायचं धाडस गोजराबाईंना झालं नाही. त्यांनी चेहरा पुसून टाकला. तेव्हा प्रतापरावांनी मला त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या कानाखाली टेकवलं.

"नोरे," ते म्हणाले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

गोजराबाईंचा हात आपोआप पदराकडे गेला. ठिपका पुसता पुसता त्या थांबल्या.

"म्हणजे... रोज मुद्दाम ठेवत होतात?"

प्रतापराव अर्ध्या तोंडाने हसले.

"नऊ वर्षं! आणि मी येडी रोज सांगत होते!" त्या खाली बसल्या, हसल्या, रडल्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी जळत होतो.

त्यानंतर सव्वा वर्ष रोज ठिपका, रोज पदर. १९६५ च्या माघात प्रतापराव गेले. मल्लाप्पाने शेवटची दाढी केली, मलाच वापरून केली, गोजराबाईंनीच सांगितलं होतं तसं. त्याने टॉवेल उचलला तेव्हा त्या पुढे आल्या. मला पदराशिवाय, उघड्या बोटांनी धरलं आणि डाव्या कानाखाली एक ठिपका ठेवला.

मल्लाप्पाने टॉवेल पुढे केला.

"सरी, ठीक आहे, राहू दे," त्या म्हणाल्या. "आज नाही पुसायचं."

अकरा वर्षं मला हेच हवं होतं. माझा फेस प्रतापरावांबरोबर गेला, पदर मागे राहिला. मी जिंकलो, आणि असं जिंकणं माझ्या वैऱ्यालाही नको.

आता मी आरशाच्या फळीवर कोरडा उभा असतो. केस गळतात. गोजराबाई सकाळी कॉफी घेऊन इथवर येतात, पदराचं टोक बोटाला गुंडाळतात आणि तसंच सोडून देतात. कुणीतरी मला एकदा कोमट पाण्यात भिजवा हो. त्यांना पुसायला एक ठिपका तरी करून देतो.