खुर्चीच्या हाताखालचा ओघळ

छकुलीने पन्नाशी ओलांडली होती, पण माईला ती छकुलीच. अण्णा देवाघरी गेल्यावर माई लेकीकडे राहायला आली ती एक ट्रंक आणि आपली हातांची खुर्ची घेऊन. आली खरी, पण वागायची पाहुण्यासारखी. प्यायला पाणी हवं असलं तरी म्हणायची, "सवड झाली की दे हं." नजर अधू झालेली. भिंत चाचपत जायची आणि शेवटी त्या खुर्चीत येऊन टेकायची. एवढ्या घरात तेवढीच तिची जागा.

खुर्चीची दशा मात्र बघवत नव्हती. चॉकलेटी रंगाच्या खपल्या कपड्यांना चिकटायच्या. माई धाकट्या लेकाकडे थोडे दिवस गेली, तेव्हा छकुलीने पदर खोचला. खुर्ची लख्ख झाली की माईचा जीव इथे रमेल, असं तिच्या मनाने घेतलं.

"अगं, सुताराला दे की," नवरा म्हणाला.

"माझ्या आईची खुर्ची, माझी मी करीन."

"कर बाई. उद्या कंबर धरून बसलीस की मला हाका मारू नकोस." असं म्हणाला, आणि गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं त्यानेच अंथरून दिली.

रंग काढायचं औषध फासलं की चॉकलेटी रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतायचा. पत्र्याच्या पातीने खरवडून ओढला की खालून आकाशी डोकवायचा. आकाशी दिसला आणि छकुलीला अण्णाच दिसले. शाळेला सुट्टी लागली की अण्णा खुर्ची रंगवायला काढत. हात चाले तसं तोंडाने भजन चाले. वरच्या सुराला पोचले की डोळे मिटत, आणि ब्रश जागच्या जागी थांबे. मग आतून माई कडाडायची, "अहो, देव काही पळून जात नाही! रंग पळतोय, तो बघा!" अण्णा दचकून ब्रश उचलत, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असे.

आकाशीखाली पोपटी निघाला. त्या ओल्या पोपटीवर धाकटा भाऊ बसला होता आणि चड्डीसकट रंगला होता, ते आठवून ती एकटीच हसली. पोपटीखाली काळपट वार्निश. ते स्पिरिटच्या फडक्याने भिजवून, पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषा धरून घासता घासता मधाच्या रंगाचं लाकूड उजळलं. खुर्चीच्या उजव्या हाताच्या खालच्या अंगाला रंगाची वाटाण्याएवढी गाठ होती, ओघळावर ओघळ साचून झालेली. "काय मेली घाण!" म्हणत छकुलीने ती खरवडली आणि जागा आरशासारखी केली.

माई परत आली. छकुलीने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि श्वास रोखून उभी राहिली.

"गुळगुळीत आहे गं." माईचा तळवा लाकडावरून फिरला. मग अंगठा खुर्चीच्या हाताखाली गेला. पुढे सरकला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. "छकुले, माझी खुर्ची कुठे ठेवलीस?"

"माई, हीच ती. मी रंग काढला तिचा."

"हो का? बरं. मेहनत घेतलीस हो." आणि माई उठली, चाचपत गेली आणि पलंगाच्या कडेवर अंग चोरून बसली. पाहुणी बसते तशी.

तो हाताखाली फिरणारा अंगठा छकुलीने कितीदा पाहिला होता. माई नाम घेतेय, असं समजून घरात सगळे हळू बोलायचे.

"माई, तिथे तू जप करायचीस ना?"

"जप तोंडाने करते गं. तिथे यांचा ओघळ होता. वरचा सूर लागला की दर खेपेला हात तिथेच अडायचा. मी मेली ओरडायची. हे गेल्यापासून तिथे बोट लागलं की वाटायचं, भजन तिथवर आलंय." माईने पदर सारखा केला. "जाऊ दे. तुला काय ठाऊक!"

दुसऱ्या दिवशी छकुली रंगाचा छोटा डबा घेऊन आली. बाकी लाकूड तसंच ठेवायचं, फक्त खुर्चीचे हात रंगवायचे. माई शेजारी स्टुलावर बसली.

"ब्रश इतका बुडवू नकोस."

"नाही बुडवत."

"मला ऐकू येतंय, डब्यात बुडवतेयस ते!"

एक ओघळ मुद्दाम सोडायचा, असं छकुलीने मनाशी ठरवलं होतं. अण्णांचं भजन तिने उगीच, सोबतीला म्हणून धरलं. पण उजव्या हातापाशी वरचा सूर आला, आणि तो सूर अण्णांसारखाच किंचित चिरकला. तिचे डोळे आपोआप मिटले. ठरवलेलं सगळं विसरून ती तशीच राहिली, ब्रशची सरसर थांबली.

"अगं, देव काही पळून जात नाही! रंग पळतोय!"

माई इतक्या जोरात कडाडली की जावईबापू दाढीचा साबण तोंडावर घेऊनच धावत आले.

रंग वाळल्यावर माई खुर्चीत बसली. अंगठा हाताखाली गेला, सरकला आणि थांबला.

"बापाच्या वळणावर गेलीस," ती म्हणाली. "एक काम धड येत नाही." मग मागे रेलली. "पाणी आण गं. आणि कालच्यासारखं कोमट नको, सांगून ठेवते."