आठ दिवस चाललेली तीस तारीख

१९३९ साली व्हरमाँट राज्यातल्या ऑल्डर फॉल्स गावी, ओरिन टटल यांच्या स्वयंपाकघरात, नोव्हेंबरची तीस तारीख आठ दिवस चालली.

त्या नोव्हेंबरात पाच गुरुवार होते. नाताळच्या खरेदीला दुकानदारांना जास्त दिवस मिळावेत म्हणून राष्ट्राध्यक्षांनी थँक्सगिव्हिंग, म्हणजे देवाचे आभार मानण्याचा सण, दरवर्षीच्या शेवटच्या गुरुवारावरून आठवडाभर अलीकडे, तेवीस तारखेला आणले. जवळजवळ निम्म्या राज्यांनी ते मानले, निम्म्यांनी धुडकावले. न्यूयॉर्कने मानले; त्याला लागून असलेल्या व्हरमाँटने नाही. मी न्यूयॉर्कच्या हद्दीतल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो आणि ओरिन यांची एकुलती एक मुलगी लुएला तिथल्याच शर्टाच्या कॉलरच्या कारखान्यात शिवणकाम करत होती. आम्हा दोघांना सुटी तेवीसला होती. तीसला शाळाही चालू, कारखानाही.

ओरिन यांनी लुएलाला तीन ओळींचे पत्र पाठवले होते. ‘तुझ्या त्या रसायनवाल्याला मी थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर पाहीन. त्याआधी लग्नाचं नाव काढू नकोस. थँक्सगिव्हिंग तीस तारखेला आहे.’

लग्न नाताळच्या सुटीत करायचे आमच्या मनात होते. वडिलांच्या संमतीवाचून लुएला ते करणार नव्हती आणि तसे कर असे मी तिला सांगणार नव्हतो. तेव्हा तेवीसलाच जाऊन विनवणी करायची, एवढाच मार्ग उरला. येत असल्याचे तिने कळवले. उत्तर आले नाही.

भर दुपारी आम्ही पोचलो. दार ओरिन यांच्या बहिणीने, थर्झा आत्याने उघडले. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते.

“या, या! आधी बुटांचा चिखल झाडा. ओरिन, तुझा मास्तर आलाय रे! आणि हाडं मोजता येतायत त्याची.”

आतून, या सणाला हमखास भाजतात त्या टर्की पक्ष्याचा वास येत होता. लुएला उंबऱ्यातच थबकली.

“आत्या, ही टर्की कसली? आज तर तेवीस आहे.”

“भिंतीकडे बघ,” आतून ओरिन म्हणाले. गळ्यात टाय, अंगात काळा कोट, आणि टेबलाच्या टोकाशी ताठ बसलेले. त्यांच्या डोक्यामागे गुरांच्या खाद्याच्या दुकानाचे कॅलेंडर लटकत होते, रोज एक पान फाडायचे असते तसले. त्यावर तीस हा आकडा होता.

“बाबा, आज तेवीस तारीख आहे.”

“वॉशिंग्टनमध्ये असेल. या घरात तीस आहे. आज आमच्या गव्हर्नरांचं थँक्सगिव्हिंग, त्या माणसाचं नव्हे. बसा, मास्तर.”

मग ते उभे राहिले आणि वर्तमानपत्राचे कात्रण हातात धरून, दरवर्षीच्या शिरस्त्याप्रमाणे, त्यांनी गव्हर्नरांचा जाहीरनामा मोठ्याने वाचला. ‘गुरुवार, तीस नोव्हेंबर’ या शब्दांपाशी त्यांनी घसा खाकरला आणि आम्हा प्रत्येकाकडे एकेकदा पाहिले.

गप्प राहणे शहाणपणाचे ठरले असते; पण पुराव्यावाचून विधान ऐकले की मला राहवत नाही.

“तो शेवटचा गुरुवार मुळात ठरवला कुणी?” मी विचारले.

“लिंकननं. देशात युद्ध पेटलेलं असताना.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी ज्याचं त्याचं राज्य बघून घ्यायचं. तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांनी तर दिवस जाहीर करायलाच नकार दिला. लोकांना प्रार्थना करायला सांगणं हे सरकारचं काम नव्हे, म्हणाले.”

“मग त्यांचंच बरोबर होतं.”

लुएलाने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. ओरिन यांनी हातातली सुरी टर्कीकडे वळवली.

“थर्झा, मास्तरांना मांडीचा तुकडा वाढ. देवाधर्मात शून्य दिसतोय, पण माणसानं वाचलंय थोडंफार.”

“वाढते. सहा वर्षं झाली, हा राष्ट्राध्यक्षांचं नावसुद्धा घेत नाही,” आत्या मला म्हणाली. “दोन्ही खेपेला मी त्यांनाच मत दिलं, ते याला माहीतही नाही.”

“माहीत आहे,” ओरिन क्रॅनबेरीची आंबट चटणी वाढून घेत म्हणाले. लुएला हसता हसता खोकू लागली, तेव्हा त्यांनीच तिची पाठ थोपटली.

कॅलेंडर पुढे ढकलल्याचा माझा संशय अर्थातच आत्यावर गेला. हेतू होता, संधी होती. बशा पुसता पुसता मी तिला विचारले, “कॅलेंडरची पानं तुम्हीच फाडलीत ना?”

“मी? त्याला हात लावला तर मला गोठ्यात झोपवेल तो. पानं तोच फाडतो. मागं हवा कशी होती ते लिहितो आणि त्या खिळ्याला टोचून ठेवतो. वीस वर्षं चाललंय. बघ हवं तर.”

मी पाहिले. चोवीस ते एकोणतीस या सहा पानांची मागची बाजू कोरी होती. जे दिवस उजाडलेच नव्हते त्यांची हवा लिहिणे ओरिन यांना पटले नसावे. त्यांच्याखाली तेवीसचे पान होते. त्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिले होते: ‘पाणी गोठलेलं. ढगाळ. लुएला येणार. तिला दुसरी सुटी नाही.’

मी पाने होती तशी ठेवली.

निघताना ओरिन यांनी माझा हात हातात घेतला आणि घोडा पारखावा तसा मला खालीवर न्याहाळला. “सत्तावीस डिसेंबरला चर्च मोकळं आहे. मी विचारून ठेवलंय,” ते म्हणाले. लुएला त्यांच्या गळ्यात पडली आणि त्यांचा टाय पार वाकडा झाला. तो त्यांनी सरळ केला नाही.

पुढचे सात दिवस त्यांनी कॅलेंडरला हात लावला नाही, असे आत्याने पत्रात कळवले. खऱ्या तीसला दोघा बहीणभावांनी एक कोंबडी भाजली. “सण अजून चालूच आहे,” ओरिन म्हणाले. एक डिसेंबरच्या सकाळी तीसचे पान खिळ्याला गेले.

पाने थर्झा आत्याने फाडली नव्हती. ती सातही पाने ओरिन टटल यांनी तेवीसच्या सकाळी स्वतःच्या हाताने फाडली होती. मुलीला त्याच दिवशी सुटी होती, आणि राष्ट्राध्यक्षांचे बरोबर आहे असे म्हणण्यापेक्षा कॅलेंडर चुकीचे करणे त्यांना सोपे गेले.