उष्टी हळद आणि खिळ्यांची गन

उद्या माझं लग्न आणि आज मी अंगणात पलंगाला प्लायवूड ठोकत होते. इतकी खुशीत होते की उगीचच हसू फुटत होतं. धानोऱ्यात आमचं सुतारांचं घर. आंदणाचा पलंग शेवटच्या खिळ्यापर्यंत मीच करणार, असं मी शहाद्याच्या धीरजला साखरपुड्यातच ऐकवलं होतं. दुसऱ्या कोणी एक खिळा जरी मारला तरी तो पलंग माझा नाही. हट्ट म्हणा, आहेच मी हट्टी.

अडचण एकच होती. हळद लागली की नवरीने हत्याराला शिवायचं नाही, हा छबू फुईचा कायदा. फुई म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची थोरली बहीण, आणि तिच्यापुढे आप्पांचंही काही चालत नाही. नवरदेवाची उष्टी हळद जीपमधून शहाद्याहून निघालीसुद्धा होती.

नेमकी तेव्हाच गन रुसली. हवेवर चालणारी खिळ्यांची गन ती. टोक लाकडावर दाबायचं, घोडा ओढायचा, की ठक. मी दाबलं, ओढलं, काहीच नाही. कंप्रेसरचा काटा बरोबर होता. पाइप कुठे फुसफुसत नव्हता. खिळ्यांची पट्टी सरळ बसली होती. दोन थेंब तेलही पाजून पाहिलं, तरी ढिम्म. आप्पा हातोडी घेऊन पुढे आले, तर मी ती काढून घेतली आणि पदराखाली लपवली.

मग धीरजलाच व्हिडिओ कॉल लावला. तो कंप्रेसर दुरुस्त करतो, आमचं जमलं तेही आमचा कंप्रेसर बिघडला म्हणून. फोनवर हळदीने माखलेलं तोंड उगवलं, नुसते डोळे आणि दात. मी हसत सुटले, तो हसत सुटला, कामाचं बोलणंच होईना. शेवटी त्याने विचारलं, टोक पूर्ण आत जातं का? दाबून पाहिलं तर अर्ध्यात अडत होतं. ते पूर्ण आत गेल्याशिवाय गन खिळा सोडतच नाही.

"तठेच काहीतरी अडकेल शे," धीरज म्हणाला. "पहिले हवाना पाइप काढ."

पाइप काढला, खिळे काढले, फोन प्लायवूडवर उताणा ठेवला आणि पेचकस उचलला, तोच दारात जीप थांबली. बायका गात आत शिरल्या. फुईने वाटीत हात बुडवून माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि दुसऱ्या हाताने पेचकस काढून घेतला.

मला रडूच आलं. मूठभर खिळ्यांसाठी कोणी रडतं का? मी रडले. गालावरची हळद ओघळून हनुवटीवर आली.

आप्पांनी माझ्याकडून हातोडी परत घेतली, गन उचलून पलंगावर उपडी धरली आणि तिच्या पाठीवर हातोडीच्या दांड्याने ठोकलं. टोकातून लालभडक तांदळाचे दाणे पडले. पडले ते थेट फोनवर, धीरजच्या पिवळ्या तोंडावर.

सगळ्यांनी फुईकडे पाहिलं. लग्नघरात आम्ही हत्यारांची पूजा करतो. यंदा गन नवी, म्हणून सकाळी फुईने तिला वाकस-पटाशीच्या मधोमध तोंड वर करून बसवलं होतं आणि ओल्या कुंकवातल्या अक्षता भक्तिभावाने थेट तिच्या तोंडात वाहिल्या होत्या.

पण कायदा करणाऱ्याला पळवाटही ठाऊक असते. तिने वाकून फोनवरचा नवरदेव नीट न्याहाळला आणि निकाल दिला.

"नवरदेववर अक्षता पडन्यात. लगीन लागी गयं. आते रुपा नवरी नही, धीरजनी बायको शे. बायकोले हत्यारनी मनाई नही. मार खिया, पोरी."

मी डोळे पुसले, गन घेतली, टोक पुसून खिळे भरले आणि पाइप जोडला. ठक. मग ठक, ठक, ठक. प्रत्येक खिळ्याला बायका टाळ्या पिटत होत्या आणि गनची मूठ माझ्या हळदीच्या हाताने पिवळी होत होती. शेवटचा खिळा बसला तेव्हा मी पलंगावर चढून नाचले, आणि पलंग करकरलासुद्धा नाही.

फोनमधून धीरजने विचारलं, लग्न लागलंच आहे तर उद्या वऱ्हाड घेऊन यायचं की नाही?

फुईने फोन हातात घेतला.

"ये," ती म्हणाली. "पलंग उचलाले माणसं लागतीन."