मनगटावरची बाई

बावीस वर्षं टेम्पो चालवणाऱ्या माणसानं कधी हातात घड्याळ घातलं नाही. आणि पन्नाशीला टेकल्यावर काळं, चकचकीत घड्याळ बांधून घरी येतो, तर बायकोनं काय समजायचं? मी उषाबाई, मूळची शिरपूरची, आता सुरतेला बमरोलीत राहते. भोळी असेन, पण इतकी नाही.

आमचे हे मागावरचं कोरं कापड पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये पोचवतात. घड्याळ कुठून आलं विचारलं, तर म्हणे शेठनं सगळ्या ड्रायव्हरांना दिलं. दिवाळीला मिठाईचा डबा देताना ज्याचा जीव जातो, तो शेठ फुकट घड्याळं वाटणार! मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून काय कुणाला दिसत नाही?

एकदा गाडी भरून दारात उभी करून हे चहाला आले. मनगटावर घड्याळ थरथरलं, तशी यांनी बशी तशीच ठेवून त्याच्यावर बोट दाबलं. कोण आहे विचारलं तर म्हणे, कोणी नाही. कोणी नाही, तर एवढी घाई कुणासाठी? धनश्रीला, आमच्या पोरीला, सांगून पाहिलं. ती नुसती हसली. माझ्या त्या दिवशी चार पोळ्या करपल्या.

बुधवारी मी म्हटलं, पलसाण्याला माझ्या बहिणीचा, मालतीबाईचा, पाय मोडलाय, तिला भेटायचंय, तुमच्याच गाडीत येते. यांचा चेहरा पडला. गाडीत उकडतं, बसनं जा, म्हणाले. झालं, माझी खात्रीच पटली.

हायवेला लागलो. माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं, यांच्या मनगटावर होतं. घड्याळ थरथरलं. यांनी मान खाली घातली, स्टिअरिंग सोडून दुसऱ्या हातानं दाबलं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. बाई भलतीच चिकट दिसते, मी मनात म्हटलं. तिसऱ्यांदा यांची मान खाली होती आणि पुढे बारडोलीकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर एकदम थांबला. मी ओरडले. यांनी ब्रेक मारला, तेव्हा उसाची टोकं काचेला लागली होती.

गाडी बाजूला घेतली. आणि मला मेलीला तरी काय सुचावं?

"कोण आहे ती?" मी विचारलं.

यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा हसावं की रडावं असं तोंड झालं. मग सगळं सांगितलं. मागच्या वर्षी शेठच्याच एका ड्रायव्हरला डुलकी लागून टेम्पो उलटला होता. म्हणून हे घड्याळ. दर दहा मिनिटांनी थरथरतं, लगेच दाबलं म्हणजे माणूस जागा. छातीची धडधडही शेठच्या ऑफिसात दिसते. दोनदा दाबायचं राहिलं, की उद्याची फेरी दुसऱ्याला.

"या वयात शाळेतल्या पोरासारखी हजेरी देतो, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?" हे म्हणाले.

लाज वाटली मला, अगदी मेल्याहून मेल्यासारखी. मग राग आला. झोपेत गाडी ठोकू नये म्हणून दिलेल्या घड्याळापायी हे जागेपणी ठोकणार होते. मी ते यांच्या हातातून काढलं, माझ्या हातात बांधलं आणि म्हटलं, तुम्ही पुढे बघा, दाबायचं मी बघते.

थोडं पुढे गेलो आणि यांचा फोन वाजला. ऑफिसातला भूपेंद्र. मी स्पीकरवर टाकला.

"भटूभाई, तब्येत ठीक ना? धडधड एकशेतीस दाखवते."

यांनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. खरं कळलं तर फेरी जाईल, नोकरीही जाईल, हे मला कळत नव्हतं का? पण तो ऊस डोळ्यांपुढून हलेना.

"ती धडधड माझी आहे, भूपेंद्रभाऊ," मी म्हटलं. "मी त्यांची बायको. घड्याळ माझ्या हातात आहे, ते गाडी चालवतायत. रोज ते घरी येईपर्यंत माझी अशीच असते. तुम्हाला आज दिसली."

मग भूपेंद्र म्हणाला, उद्या भटूभाईंना ऑफिसला पाठवा, आणि फोन ठेवला.

मला वाटलं, आता हे चिडणार. यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नजर रस्त्यावर.

"उद्या ऑफिसला तूही चल," हे म्हणाले.